टाचदुखी दोन वर्षं थांबत नाही, नसेवर ‘करंट’चा उपचार घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई माध्यमिक शाळेत शिक्षिका आहेत, वय 52, मधुमेहाला 8 वर्षं झाली, मेटफॉर्मिन चालू आहे. उजवी टाच 2 वर्षांपासून दुखते. एक्स-रे काढल्यावर ‘हाड वाढलंय’ असं सांगितलं गेलं. सिलिकॉनच्या टाचा वापरून झाल्या, फिजिओथेरपी झाली, स्टेरॉइडची दोन इंजेक्शनं झाली. प्रत्येक इंजेक्शनने दीड-दोन महिने बरं वाटलं आणि मग पुन्हा तेच. आता एका डॉक्टरांनी सुचवलंय की सुईतून नसेला करंट देऊ, टाका नाही, त्याच दिवशी घरी. ताईंना तीन गोष्टी विचारायच्या आहेत: पाय लुळा पडेल का, दुखणं कायमचं जाईल का, आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आत हे उरकून घ्यावं का.

ताई, हा उपचार खरा आहे. मी वेदनाशास्त्रात काम करते आणि तो नियमित करते. योग्य रुग्णात तो फार चांगलं काम करतो. पण तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्यात एक गोष्ट कुठेच आली नाही: करंट नेमका कोणत्या नसेला द्यायचा आहे, आणि दुखणं त्याच नसेतून येतंय हे कुणी, कशावरून ठरवलं? हे ठरलेलं नसेल तर यंत्र कितीही महागडं असो, तुमची टाच तशीच दुखत राहील. म्हणून तुमच्या तीन प्रश्नांकडे मी जरा लांबच्या वाटेने येते. (नस म्हणजे इथे मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे.)

आधी त्या वाढलेल्या हाडाचं. टाचेच्या हाडाला पुढच्या बाजूने काट्यासारखं टोक येतं, ते एक्स-रेवर ठळक दिसतं आणि रुग्णाच्या मनात कायमचं घर करतं. असा काटा असूनही आयुष्यात कधी टाच न दुखलेली माणसं भरपूर आहेत, आणि काटा अजिबात नसताना टाच टेकवता न येणारी माणसंही रोज येतात. तो काटा बहुतेक वेळा तळव्याच्या पट्ट्याच्या आतही नसतो, त्याच्या वरच्या छोट्या स्नायूच्या मुळाशी असतो. त्यामुळे ‘हाड वाढलंय’ हे तुमच्या दुखण्याचं निदान नाही. ते हाड घासून काढायचा सल्ला कुणी दिला असेल तर तो तूर्त बाजूला ठेवा.

टाचदुखीचं सर्वांत मोठं कारण म्हणजे तळव्याच्या जाड पट्ट्याचा, प्लांटर फॅशियाचा विकार. सकाळी अंथरुणातून उठल्यावरची पहिली पावलं जीवघेणी, चार पावलं चालल्यावर जरा सैल, दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी पुन्हा ठणका, ही त्याची ओळख. सोनोग्राफीत पट्टा 4 मिलिमीटरपेक्षा जाड दिसतो. यातले बहुतेक, म्हणजे दहातले आठ-नऊ रुग्ण, वर्षभरात सुईशिवाय बरे होतात. तुमचं दुखणं 2 वर्षं रेंगाळलंय, म्हणजे तुम्ही उरलेल्या एक-दोन जणांत आहात. या गटाकडे नव्याने बघायला हवं, कारण इथे दुसरंच काही चालू असण्याची शक्यता वाढते.

आता नसांकडे. पायाच्या आतल्या घोट्यामागे बोट ठेवलंत तर नाडी लागते. त्या रक्तवाहिनीला लागूनच पोटरीतून उतरणारी टिबियल नस असते. तळव्याचा जवळजवळ सगळा कारभार तिच्याकडे आहे. घोट्याच्या आसपास तिला फांद्या फुटतात. एक टाचेच्या कातडीकडे आणि खालच्या चरबीच्या गादीकडे जाते, तिला मिडियल कॅल्केनियल म्हणतात. दोन मोठ्या फांद्या तळव्यात शिरतात. त्यातल्या बाहेरच्या फांदीची पहिली बारीक शाखा म्हणजे बॅक्स्टर नस. डोनाल्ड बॅक्स्टर या अमेरिकन अस्थिशल्यविशारदांनी 1980 आणि 90च्या दशकांत या नसेवरच्या शस्त्रक्रियेचे अनुभव प्रसिद्ध केले, तेव्हापासून तिला हे नाव पडलं. ती अंगठ्याच्या बाजूच्या स्नायूखालून जाते, तिथल्या टणक पडद्याच्या कडेशी एकदम आडवी वळते, आणि टाचेच्या हाडापुढून, पट्टा जिथे हाडाला चिकटतो त्याच्या अगदी जवळून, करंगळीकडच्या स्नायूपर्यंत पोचते. या वळणावर ती चिमटते. पट्टा वर्षानुवर्षं सुजून जाड झाला की जागा आणखी आवळते. म्हणूनच पट्ट्याचं दुखणं आणि नसेचं दुखणं एकाच पायात नांदू शकतात, आणि पट्ट्यावर उपचार करूनही अर्धं दुखणं मागे राहतं. जुनाट टाचदुखीत पाचातल्या एका रुग्णात ही नस गुंतलेली असावी, असा अंदाज वैद्यकीय लिखाणात वारंवार येतो.

बॅक्स्टर नस कातडीला संवेदना पुरवत नाही. त्यामुळे ती चिमटली तरी टाच बधिर होत नाही, मुंग्या येतीलच असंही नाही, आणि ‘बधिरपणा नाही म्हणजे नस नाही’ असं म्हणून विषय संपवला जातो. तपासताना मी अंगठ्याने दोन ठिकाणी दाबते. पहिलं टाचेच्या तळाशी, जरा आतल्या बाजूला, जिथे पट्टा हाडाला चिकटतो. दुसरं त्याहून वर, टाचेच्या आतल्या भिंतीवर, जिथे तळव्याची जाड कातडी संपून मऊ कातडी सुरू होते. दुसऱ्या जागी दाबल्यावर रुग्ण पाय मागे ओढून ‘हीच ती कळ’ म्हणाला, आणि कळ टाचेतून बाहेरच्या बाजूला गेली, तर संशय नसेवर जातो. नसेचं दुखणं बहुधा दिवस सरता सरता वाढतं, बसल्यावरही काही वेळ धगधगत राहतं. करंगळी बाहेर फाकवता येते का तेही बघते, पण दोन्ही पायांची तुलना करूनच, कारण पुष्कळ निरोगी माणसांना ते जमत नाही. एमआरआयमध्ये करंगळीकडचा स्नायू सुकून त्यात चरबी भरलेली दिसली तर तो भक्कम पुरावा. मात्र असा एमआरआय प्रत्येकाला लागत नाही.

आणि मग टाचेच्या बाहेरची कारणं. तुमच्या बाबतीत मला ती आधी तपासायची आहेत. 8 वर्षांचा मधुमेह म्हटल्यावर पायांच्या नसांवर त्याचा परिणाम झालाय का हे पाहणं आलंच. 10 ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे एका विशिष्ट नायलॉनच्या धाग्याने, तळव्याची संवेदना तपासतात. 128 हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कने कंपन कळतं का बघतात. दोन्ही मिळून पाच मिनिटांचं काम आहे, कुठल्याही दवाखान्यात व्हायला हवं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-12 कमी होऊ शकतं, त्यात शाकाहारी असाल तर शक्यता आणखी वाढते, आणि बी-12च्या कमतरतेनेही तळवे जळतात. ती तपासणी करून घ्या. कंबरेतली एस-1 नस दबली तरी टाचेत कळ येते. अशा रुग्णाला चवड्यांवर चालायला सांगितलं की पाय कच्चा पडतो. तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबर तासभर आखडत असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवावं. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबल्यावर असह्य दुखलं तर हाडाला बारीक तडा गेलाय का ते बघावं. आणि आपल्याकडे आणखी एक गोष्ट विसरता कामा नये: कुष्ठरोगात पायाच्या सर्वाधिक बाधित होणाऱ्या नसांपैकी एक हीच टिबियल नस आहे. तळवा बधिर, घोट्यामागची नस जाड हाताला लागते आणि अंगावर फिकट चट्टा आहे, अशा माणसाला रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे हा करंटचा उपचार, नको, कुष्ठरोगाची औषधं हवीत. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो.

एवढं झाल्यावर चाचणीचं इंजेक्शन. माझ्या दृष्टीने सगळा निर्णय इथे होतो. सोनोग्राफीत बघत संशयित नसेच्या शेजारी भुलीच्या औषधाचे अगदी थोडे थेंब सोडायचे, साधारण अर्धा ते एक मिलिलिटर. स्टेरॉइड त्यात मुद्दाम घालायचं नाही, कारण स्टेरॉइडने आजूबाजूची सूजही उतरते आणि दुखणं नसेचं होतं की पट्ट्याचं हे कळेनासं होतं. औषध जास्तही घालायचं नाही. ते मुख्य नसेपर्यंत पसरलं की सगळा तळवा बधिर होतो, कुठलंही दुखणं थांबतं, आणि चाचणीतून काहीच निष्पन्न होत नाही. मग रुग्णाला खाटेवर झोपवून ठेवायचं नाही. जिने चढा, फरशीवर अनवाणी उभ्या राहा, जे केल्यावर दुखतं तेच करून बघा. भुलीचा अंमल असेपर्यंत दर अर्ध्या तासाला दहापैकी किती दुखतंय ते कागदावर लिहा. लिग्नोकेनचा अंमल तास-दोन तास राहतो, ब्युपिव्हॅकेनचा त्याहून बराच जास्त. त्या वेळात दुखणं अर्ध्याहून खूप खाली आलं आणि अंमल उतरल्यावर परतलं, तर त्या नसेचा हात आहे असं मी मानते. जमल्यास दुसऱ्या दिवशी दुसऱ्या औषधाने हीच चाचणी पुन्हा करते, कारण इंजेक्शन घेतल्याच्या समाधानानेही काही काळ बरं वाटतं. दुखणं तसूभरही हललं नाही तर तिथे थांबायचं. त्या नसेवर पुढे काही करायचं नाही, रुग्णाने कितीही आग्रह केला तरी. चाचणी न करता थेट करंट देऊ म्हणणाऱ्या डॉक्टरांना ‘आधी भूल देऊन बघूया का?’ असं नम्रपणे विचारा. हा तुमचा हक्क आहे.

चाचणी पक्की निघाली तर पुढे काय काय करता येतं? सर्वांत सौम्य म्हणजे हायड्रोडिसेक्शन. सोनोग्राफीत बघत नसेभोवती सलाइन किंवा 5 टक्के डेक्स्ट्रोज सोडून तिला चिकटलेल्या पडद्यांपासून मोकळं करायचं. नसेला इजा नाही, मधुमेहातही चालतं, लागलं तर काही आठवड्यांनी पुन्हा करता येतं. नस चिमटलेली आहे पण मेलेली नाही अशा रुग्णात मी पुष्कळदा इथूनच सुरुवात करते.

दुसरा उपचार पल्स्ड रेडिओफ्रिक्वेन्सी, आणि ‘करंट’ म्हणून तुम्हाला बहुधा हाच सांगितला गेलाय. बारीक सुईच्या टोकातून उच्च कंपनाचा विद्युतप्रवाह तुकड्यातुकड्यांनी सोडतात. मध्ये विश्रांती असल्याने टोकाचं तापमान 42 अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. नस जळत नाही, तिच्यातून वर जाणारे वेदनेचे संदेश बदलतात. ते कसे, याचा पूर्ण उलगडा अजून झालेला नाही, पण उपचार सुरक्षित आहे.

तिसरा थर्मल रेडिओफ्रिक्वेन्सी. इथे टोक 80 ते 90 अंशांपर्यंत तापवून मिनिट-दीड मिनिट ठेवतात आणि नसेचा तेवढा भाग निकामी करतात. सुईचं टोक योग्य जागी आहे का हे आधी दोन प्रकारे तपासावं लागतं. 50 हर्ट्झचा हलका प्रवाह दिल्यावर रुग्णाला त्याची ओळखीची कळ यायला हवी. मग 2 हर्ट्झचा प्रवाह दिल्यावर पायाची बोटं आखडायला नकोत. बोटं आखडली तर सुई मोठ्या फांदीजवळ आहे, तिथे तापवायचं नाही. म्हणूनच ही प्रक्रिया रुग्ण जागा असताना करतात. पूर्ण भूल देऊन झोपवून करायची म्हटली तर कारण विचारा. एक नियम मी कधीही मोडत नाही: टिबियल नसेच्या मुख्य खोडावर थर्मल कधीच नाही. ती नस मेली तर तळव्याची संवेदना आणि तळव्यातले स्नायू दोन्ही जातात. खोडावर करायचंच तर फक्त पल्स्ड.

चौथा क्रायो, म्हणजे गोठवणं. सुईच्या आत नायट्रस ऑक्साइड किंवा कार्बन डायऑक्साइड दाबाखालून एकदम प्रसरण पावतो, टोक शून्याखाली कित्येक अंश थंड होतं आणि नसेभोवती बर्फाचा गोळा बनतो. आतला तंतू मरतो पण त्याचं आवरण टिकतं, भिंतीतला पाइप शाबूत ठेवून आतली वायर काढून घ्यावी तसं. मग नवा तंतू त्याच वाटेने दिवसाला साधारण 1 ते 2 मिलिमीटर वेगाने परत वाढतो. नसेच्या तुटक टोकाला दुखरी गाठ होण्याची भीती यात कमी असते. हे यंत्र आपल्याकडे रेडिओफ्रिक्वेन्सीच्या मानाने कमी ठिकाणी आहे. त्यासाठी मुद्दाम दूरच्या शहरात जायची गरज मला वाटत नाही.

अल्कोहोल किंवा फिनॉल टोचून नस मारण्याचा सल्ला कुणी दिला तर नाही म्हणा. ते द्रव कुठवर पसरेल यावर ताबा राहत नाही, आणि टाचेवर आपलं अख्खं वजन येतं.

आता तुमचा पहिला प्रश्न. पाय लुळा पडेल का? घोटा आणि पाऊल उचलणारे, दाबणारे मोठे स्नायू गुडघ्याखाली पोटरीत आणि नडगीच्या बाजूला आहेत, त्यांच्या नसा वरच फुटलेल्या असतात. टाचेजवळच्या बारीक फांदीवर काम करून पाऊल लुळं पडत नाही. बॅक्स्टर नस निकामी केली तर करंगळी फाकवणारा छोटा स्नायू कमजोर होतो, चालताना बहुतेकांना ते जाणवतही नाही. खरे धोके वेगळे आहेत. टाचेवर काही दिवस निळसरपणा आणि सूज. थर्मलनंतर एक-दोन आठवडे आग होणं, क्वचित ती महिनाभर रेंगाळणं. टोक कातडीच्या फार जवळ असेल तर भाजणं. संसर्ग. आणि कातडीची फांदी जाळली तर टाचेची कातडी तेवढ्या भागात बधिर होणं. मधुमेहात हा शेवटचा धोका मला सर्वांत मोठा वाटतो. बधिर टाचेत खडा रुतला तरी कळत नाही, आणि तिथून जखमेची सुरुवात होते. म्हणून मोनोफिलामेंटच्या तपासणीत तुमची संवेदना आधीच कमी निघाली तर कुठलीही नस जाळणं किंवा गोठवणं मी करणार नाही. हायड्रोडिसेक्शन किंवा पल्स्डपर्यंतच थांबेन. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा पेसमेकर असेल तर आधीच सांगा, आणि गोळ्या मनाने बंद करू नका.

दोन स्टेरॉइड इंजेक्शनांनंतर तिसरं घेऊ नका असंही सांगते. वारंवार दिल्याने टाचेची चरबीची गादी झिजते आणि पट्टा तुटण्याचा धोका वाढतो. गादी एकदा गेली की ती परत आणणारा उपचार आमच्यापैकी कुणाकडेच नाही. शिवाय स्टेरॉइडने काही दिवस साखर चढते.

दुसरा प्रश्न, दुखणं कायमचं जाईल का. कायमचं म्हणून कुणी हमी दिली तर ती खोटी आहे. जाळलेली किंवा गोठवलेली नस परत वाढते. आराम मिळतो तो काही महिन्यांपासून वर्षभरापर्यंत, काहींना अधिक. या उपचारांवरचे अभ्यास आशादायक आहेत, पण बहुतेक लहान आहेत. तरीही मी हा उपचार करते, कारण तो काळ मोलाचा असतो. त्या काळात पट्टा आणि पोटरी मजबूत करता येतात, जे दुखत असताना जमत नव्हतं. सुई घेऊन जे रुग्ण व्यायाम सोडतात, त्यांचं दुखणं बहुधा परततं.

व्यायाम दोनच, पण नेमाने. सकाळी पाय जमिनीला लावायच्या आधी, खाटेवर बसूनच, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या आणि हाताने पायाची बोटं नडगीकडे ओढून 10 सेकंद धरा. असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. दुसरा व्यायाम पायरीच्या कडेला. बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून कठड्याला धरून उभ्या राहा, 3 सेकंदांत टाच वर, 2 सेकंद थांबा, 3 सेकंदांत खाली. हा एक दिवसाआड, सुरुवातीला दोन्ही पायांवर, मग एका पायावर, मग पाठीवर वजनाची पिशवी घेऊन. याला तीन महिने द्या. आजवरच्या फिजिओथेरपीत फक्त शेक आणि मशीन मिळालं असेल, वजनाचा व्यायाम झालाच नसेल, तर खरं म्हणजे तुमची फिजिओथेरपी अजून व्हायची आहे.

घरातलं थोडं. गरम विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेकायची पद्धत आपल्याकडे घराघरांत आहे, आणि शेकताना बरं वाटतं हेही खरं. पण मधुमेहात ती वीट कृपा करून वापरू नका. किती गरम आहे ते तळव्याला कळत नाही आणि भाजल्याचं दुसऱ्या दिवशी फोड आल्यावर समजतं. मी अशा जखमा चिघळलेल्या पाहिल्या आहेत. त्याऐवजी ओट्यापाशी आणि घरभर मऊ, पण टाचेला आधार देणारी चप्पल वापरा. घरात अनवाणी चालायची आपली सवय टाचदुखीत घातक ठरते, विशेषतः शहाबादी आणि ग्रॅनाइटच्या फरशीवर. सपाट कोल्हापुरी सणासुदीला घाला, वर्गात तासन्‌तास उभं राहताना नको. आणि फळ्यापाशी एक खुर्ची मागून घ्या, त्यात कमीपणा नाही.

तिसरा प्रश्न, जूनच्या आत उरकावं का. घाई करू नका, पण सुट्टीचा उपयोग जरूर करा. सुट्टी लागताच एचबीए1सी (म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), बी-12 आणि पायाच्या संवेदनेची तपासणी करून घ्या. मग चाचणीचं इंजेक्शन. ते पक्कं निघालं तर साधारण आठवडाभराने उपचार. एक-दोन दिवस घरात जेमतेम चालणं, आठवडाभर लांबचा प्रवास नाही, दुखणं पहिल्या दोन आठवड्यांत उलट वाढू शकतं म्हणून घाबरू नका, आणि ते बसलं की व्यायाम सुरू. एवढं मे अखेरपर्यंत आरामात बसतं. आषाढीच्या वारीला जायचा विचार असेल तर यंदा दिंडीबरोबर अख्खी वाट चालू नका, एखादा टप्पा चाला. ताप आला, सुईच्या जागी लाली पसरली, पू आला किंवा पोटरी सुजून टणक झाली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.